पुरण शिजायला लागतो तो वेळ लागतोच

मे महिन्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांना एकच वास असतो, मार्च क्लोजिंगचा. त्यात गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की एक्सेलची जड फाइल मोठ्या मशीनवर नेली की ती पळायला लागते हा भ्रम आहे. त्यावर बरीच पत्रं आली, दोन-तीन चांगलीच रागावलेली. त्यांतली पाच घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी प्रोग्रामर नाही. एकतीस वर्षं आकडेमोड केली, आधी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत, मग एका विमा कंपनीच्या जोखीम विभागात. १९८९ साली लोटस वन-टू-थ्री, म्हणजे एक्सेलच्या आधी चलतीत असलेला तक्त्यांचा प्रोग्राम, शिकले तेव्हा कॉम्प्युटरची खोली थंडगार असायची आणि चपला बाहेर काढाव्या लागायच्या. देवळात जाताना अजूनही मला तो लोटसचा निळा पडदा आठवतो.

प्रश्न : आमची गृहकर्ज देणारी वित्त कंपनी आहे. अपेक्षित कर्जतोट्याची, म्हणजे ईसीएलची, एक्सेल फाइल दर तिमाहीला चालवतो. फाइल १८० एमबीची आहे, आणि एक गृहीतक बदललं की ५० मिनिटं नुसतं बघत बसायचं. आयटीवाले म्हणतात ६४ कोअरचा सर्व्हर घेऊ. साहेब तयार आहेत, पण खर्चाच्या नोटवर सही माझी आहे. करू का?
– एक अकाउंट्स मॅनेजर, पुणे

सही आठवडाभर लांबवा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा एकेक गडी. तोवर फाइल उघडा, गणित सुरू करा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडून सीपीयूचा आकडा बघत बसा. तुमच्या आठ कोअर दाखवणाऱ्या मशीनवर तो १२-१३ टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल, तर आठांपैकी एकच कोअर राबतोय आणि बाकीचे सात पारावर बसलेत. अशा फाइलला ६४ कोअर दिलेत तर ६३ पारावर बसतील. वर सर्व्हरच्या कोअरचा एकेकट्याचा वेग बऱ्याचदा तुमच्या टेबलावरच्या मशीनपेक्षा कमी असतो. म्हणजे पैसे खर्चून ५० ची ६० मिनिटं झालेली बघावी लागतील, आणि नोटवर सही तुमची.

गंमत अशी की तुमचं गणित मुळात वाटून देण्यासारखंच आहे. २०१८ च्या एप्रिलपासून मोठ्या वित्त कंपन्यांना इंड एएस १०९ हे हिशेबाचं मानक लागू झालं, तेव्हापासून सगळे हेच करतात : कर्जदार पैसे बुडवण्याची शक्यता, बुडवलेच तर त्यातला हाती न येणारा हिस्सा, आणि त्या वेळची बाकी, या तिघांचा गुणाकार. पिंपरीच्या कर्जदाराचं गणित हडपसरच्या कर्जदारासाठी थांबत नाही. लाखभर कर्जं असतील तर लाखभर स्वतंत्र गणितं झाली. मग एक्सेल ती का वाटून देत नाही?

एक्सेल आपल्यापुरता एक नकाशा ठेवतं, कुठली पेटी, म्हणजे सेल, कुठल्या पेटीवर अवलंबून आहे याचा. तुम्ही काही बदललंत की तेवढंच आणि त्यावर अवलंबून असलेलंच पुन्हा काढायचं, ही त्याची मूळ हुशारी. २००७ पासून ते एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पेट्या वेगवेगळ्या कोअरना वाटूनही देतं. पण आपणच त्या नकाशाची वाट लावतो.

ऑफसेट आणि इनडायरेक्ट ही फंक्शन्स वापरली की नकाशाला आधीच कळत नाही ती कुठे बघणार आहेत. म्हणून एक्सेल ती दरवेळी पुन्हा काढतं, त्यांच्यामागे लटकलेलं सगळंही. आजची तारीख आणि आत्ताची वेळ देणाऱ्या टुडे आणि नाऊची तीच तऱ्हा. मॅक्रोच्या भाषेत, व्हीबीएत, कुणीतरी लिहून ठेवलेलं घरचं फंक्शन असेल तर ते एकाच कोअरवर, रांगेत चालतं. आणि जिथे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतली बाकी उचलते, तिथे रांग टळतच नाही. जूनची बाकी मेच्या आधी कशी निघणार?

होळीला आमच्याकडे पुरणपोळ्या चाळीस माणसांच्या व्हायच्या. लाटायला चार जणी बसल्या तर काम चौपट वेगात उरकायचं, आठ बसल्या तर आणखी. पण डाळ शिजायला लागायचा तो वेळ लागायचाच, तिथे चार जणी उभ्या राहून काय ढवळणार? जीन अॅमडाल नावाच्या कॉम्प्युटर अभियंत्यानं हेच १९६७ साली सूत्रात मांडलं. तुमच्या ५० मिनिटांपैकी ३५ मिनिटं रांगेतली आहेत असं धरा. उरलेल्या १५ मिनिटांचे ९०० सेकंद ६४ कोअरमध्ये वाटले की १४ सेकंद होतात. एकूण ३५ मिनिटं १४ सेकंद. चहा तरीही गार होणार.

मी स्वतः यात तोंडघशी पडले आहे. २०१० ची गोष्ट. रोख्यांच्या मूल्यांकनाची आमची फाइल एक व्याजदर बदलला की २२ मिनिटं घ्यायची. साहेबांच्या मागे लागून मी नवीन वर्कस्टेशन मिळवलं, त्यासाठी तीन पानी टिपण लिहिलं. २२ ची १९ झाली. साहेब काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगा आला होता. त्यानं शनिवारी माझ्याबरोबर बसून फाइल उसवली. गृहीतकांच्या शीटमध्ये एका पेटीत टुडे होतं आणि अख्खी फाइल त्या एका पेटीला टांगलेली. शिवाय ३८ हजार पेट्यांत ऑफसेट. आम्ही तारीख हातानं टाकायला सुरुवात केली आणि ऑफसेटच्या जागी इंडेक्स बसवलं. सोमवारी तीच फाइल चार मिनिटांत झाली. जुन्या मशीनवर चालवून बघितली, तिथेही पाच. टिपण मी फाडून टाकलं.

तुमच्या स्क्रीनशॉटवरून एक्सेल २०१६ चं दिसतंय, आणि त्यात लाख ओळींवर नेमकी जुळणी शोधणारे व्हीलुकअप. ते वरून खाली एकेक ओळ चाचपत जातं. यादी क्रमानं लावून अंदाजे जुळणीचं लुकअप वापरलं तर ते दरवेळी यादी अर्धी करत जातं आणि लाखात सतरा पावलांत पोचतं. मात्र सापडलेला कर्ज क्रमांक तोच आहे ना हे दुसऱ्या लुकअपनं तपासून घ्या, नाहीतर शेजाऱ्याचं कर्ज तुमच्या गळ्यात. नव्या आवृत्त्यांनी नेमक्या जुळणीतही बरीच सुधारणा केली आहे, त्यामुळे सर्व्हरआधी आवृत्ती बदलण्याचा खर्च विचारून बघा.

एवढं करूनही वेळ कमी झाला नाही आणि या खेपेला सगळे कोअर घामाघूम दिसले, तर सर्व्हर घ्या. तेव्हा सही बिनघोर करा.

प्रश्न : मी मूळची नाशिकची, लंडनमध्ये एका आयुर्विमा कंपनीत ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारी, आहे. भांडवल मोजायचं आमचं मॉडेल एक्सेलमध्ये आहे आणि रात्री ते एकत्र जोडलेल्या चाळीस मशीनच्या क्लस्टरवर चालतं, प्रत्येक मशीनवर एक्सेलच्या आठ प्रती. नवे बॉस आले, बघून म्हणाले, हे खेळणं बंद करा, वर्षभरात सगळं सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहा. खरंच एवढं वाईट आहे का हो?
– एक वाचक, लंडन

खेळणं नाही, पण पोर एकटं घरात ठेवल्यासारखं आहे. सांगते.

इतर वाचकांसाठी आधी थोडं. युरोपात २०१६ च्या जानेवारीपासून सॉल्व्हन्सी टू लागू आहे, ब्रिटनचा आता त्यातूनच निघालेला वेगळा नियम आहे. विमा कंपनीकडे इतकं भांडवल हवं की दोनशे वर्षांतून एकदा येईल असं वाईट वर्ष आलं तरी ती तगली पाहिजे. ते वाईट वर्ष शोधायला भविष्याच्या हजार वाटा कल्पायच्या, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाशी उभं राहून पॉलिसींची किंमत काढायला आणखी हजार. झाली दहा लाख गणितं. एकाला एक सेकंद धरला तरी एका एक्सेलला साडेअकरा दिवस लागतील. तुमच्या ३२० प्रतींना ५२ मिनिटं. इथे एक वाट दुसरीसाठी थांबत नाही, सगळ्या लाटणाऱ्याच. त्यामुळे क्लस्टर घेणाऱ्यानं चूक केलेली नाही.

मायक्रोसॉफ्टनंच २०१० मध्ये त्यांच्या एचपीसी सर्व्हरबरोबर, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या प्रणालीबरोबर, याची सोय दिली होती. तुमच्या फाइलमध्ये ठरावीक नावांचे मॅक्रो लिहायचे : एक कामाचे तुकडे पाडतो, एक तुकडा चालवतो, एक उत्तरं गोळा करतो. बाकी कुठला तुकडा कुठल्या मशीनवर, हे क्लस्टर बघतं. व्हीबीए येणाऱ्या माणसाला आठवड्यात जमावं इतकं ते सोपं होतं. आणि सोपं होतं म्हणून फार विचार न करता वापरलंही गेलं.

एक्सेल हे समोर माणूस बसलाय असं धरून बांधलेलं आहे. 'लिंक अपडेट करायच्या का?' अशी खिडकी उघडली तर ते उत्तराची वाट बघतं. रात्री दोन वाजता चाळीस मशीनच्या खोलीत 'ओके' कोण दाबणार? सर्व्हरवर कुणी समोर नसताना एक्सेलसारखे ऑफिसचे प्रोग्राम असे चालवू नका, असं मायक्रोसॉफ्ट वर्षानुवर्षं सांगतच आलं आहे. क्लस्टरच्या सोयीत अशा खिडक्या पकडायची तजवीज होती, पण सगळ्यांना आधीच ओळखणार कसं?

त्याहून धोक्याची गोष्ट कधीच बंद पडत नाही, म्हणून ती दिसतही नाही. तुमचे यादृच्छिक आकडे, आमच्या भाषेत रँडम नंबर, येतात कुठून ते आजच बघा. व्हीबीएचं रँडम फंक्शन आधी रँडमाइझ, म्हणजे मालिकेची सुरुवात बदलायची आज्ञा, न देता वापरलं तर एक्सेल नव्यानं उघडल्यावर ते दरवेळी तीच मालिका देतं. त्यातला पहिला आकडा ०.७०५५४७५. मला नवऱ्याचा मोबाइल नंबर पाठ नाही, हा आकडा पाठ आहे. आमच्या पहिल्या क्लस्टरवर आम्ही दिमाखात चाळीस हजार वाटा चालवल्या, आणि प्रत्यक्षात चालल्या होत्या एक हजार, चाळीस वेळा. उत्तर अगदी सोज्वळ दिसत होतं. एका कंटाळवाण्या दुपारी मी प्रत्येक मशीनची पहिली ओळ छापून घेतली तेव्हा चाळीस कागदांवर चाळीस वेळा ०.७०५५४७५. त्या रात्री मी जेवले नाही.

घड्याळाच्या वेळेवरून रँडमाइझ करणं हाही उपाय नाही, कारण मग उद्या तेच उत्तर पुन्हा काढून दाखवता येत नाही आणि ऑडिटर नेमकं तेच मागतात. वर ही मालिका १,६७,७७,२१६ आकड्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहा लाख वाटा आणि प्रत्येकीत तीस वर्षांचे ३६० महिने म्हणजे ३६ कोटी आकडे. विहीर एकवीस वेळा उपसून तेच पाणी. आकडे एका ठिकाणी, चांगल्या पद्धतीनं, आधीच तयार करून ठेवा आणि तुकड्यांना वाटून द्या. कुठल्या तुकड्याला कुठले दिले त्याची नोंद ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, बॉसना धक्का बसायच्या आत सांगून टाका. त्याच फाइलचं उत्तर दोन रात्री शेवटच्या पेनीत वेगळं येऊ शकतं. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक असतं, आणि क्लस्टरवर तुकडे ज्या क्रमानं परततात त्या क्रमानं बेरीज झाली तर शेवटचे आकडे हलतात. तुकडे क्रमांकानं लावून मग बेरीज करा, प्रश्न मिटतो. नाही केलंत तर प्रत्येक तिमाहीला यावर एक मीटिंग होईल. आमच्याकडे व्हायची.

आता बॉसचं. सगळं नव्यानं लिहिण्याच्या मी विरोधात आहे. दहा वर्षांत त्या शीटमध्ये जे शहाणपण साचलंय त्यातलं निम्मं कुठेच लिहिलेलं नाही, एखाद्या पेटीतल्या विचित्र 'इफ'मध्ये बसलंय. आतलं जे गणित दहा लाख वेळा चालतं तेवढंच सी प्लस प्लसमध्ये लिहून एक्सएलएल म्हणून, म्हणजे एक्सेलच्या जोड-फाइलच्या रूपात, एक्सेलला जोडा. असं फंक्शन अनेक कोअरवर चालायला योग्य आहे असं जाहीर करता येतं, व्हीबीएला ते जमत नाही. क्लस्टरवर मग नुसतं ते गणित पाठवता येतं, आख्खं एक्सेल उचलून न्यावं लागत नाही. शीट तुमच्यासमोर राहील, गृहीतकं बदलायला आणि उत्तर वाचायला. जुनं आणि नवं दोन तिमाही शेजारी-शेजारी चालवा. फरक आला तर लगेच नव्याची चूक समजू नका. आमच्याकडे तीनदा फरक आला आणि तीनदा जुनं चुकलं होतं.

प्रश्न : आमची नागरी सहकारी बँक आहे, मध्यम आकाराची. तरतुदीचं शीट मुख्य कार्यालयातून शाखांना मेलनं जातं, भरून परत येतं, मग एकत्र चिकटवतो. यंदा 'मार्च_फायनल_सुधारित_३' आणि 'मार्च_फायनल_नवीन' यांच्यात चार लाखांचा फरक आला आणि कुठली खरी हे ठरवायला तीन दिवस गेले. सर्व्हरचं बोललो तर संचालक म्हणतात, आपण काय एवढे मोठे आहोत?
– एक अधिकारी, सांगली

वेग नकोच तुम्हाला. तुमचं शीट फोनवरसुद्धा चालेल. तुम्हाला एकच प्रत हवी आहे, आणि सर्व्हरचा हाच उपयोग लोकांना सर्वात कमी सुचतो.

संचालकांना दोन गोष्टी सांगा. एक, रिझर्व्ह बँकेनं २०२० च्या ऑगस्टमध्येच दोन हजार कोटी आणि त्याहून जास्त मालमत्तेच्या नागरी बँकांना ३० जून २०२१ पासून थकीत कर्जांचं वर्गीकरण सिस्टिमनंच, माणसाचा हात न लागता करायला सांगितलं. तुम्ही त्या रेषेखाली असलात तरी वारं कुठून वाहतंय ते कळायला पुरे.

दुसरी लंडनची, २०१२ ची. जेपी मॉर्गनच्या तिथल्या एका विभागाला सहा अब्ज डॉलरहून मोठा तोटा झाला. बँकेनं जानेवारी २०१३ मध्ये आपलाच अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आहे की जोखीम मोजायचं नवं मॉडेल एक्सेलच्या शीटांमधून चालायचं आणि एका शीटमधले आकडे दुसऱ्यात हातानं कॉपी-पेस्ट व्हायचे. शिवाय एका जागी दोन दरांतल्या फरकाला त्यांच्या सरासरीनं भागायचं, तिथे बेरजेनं भागलं होतं. बेरीज सरासरीच्या दुप्पट, म्हणून चढउतार निम्मे दिसले आणि जोखीम आहे त्याहून कमी. तोटा एकट्या त्या भागाकारानं झाला असं नव्हे, माणसांनी बेफाम सौदे केले होते. पण त्यांना आवरणारा आकडाच मवाळ निघाला. एवढ्या मोठ्या बँकेतही आकडे हातानं चिकटवले जात होते. तुम्हीही चिकटवताच की.

करायचं काय? मूळ फाइल मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर, तिच्यात लिहायचा हक्क दोघांनाच. शाखांना फक्त आकडे भरायचं पान, सूत्रं झाकलेली. आकडे मूळ फाइलमध्ये ओढून घ्यायचे, चिकटवायचे नाहीत. महिन्याच्या शेवटी एक प्रत फक्त वाचण्यासाठी म्हणून बाजूला. मायक्रोसॉफ्टनं २००७ साली शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या फाइली एका जागी ठेवायच्या त्यांच्या प्रणालीत, एक्सेल सर्व्हिसेस आणलं ते याच विचारानं, की गणित सर्व्हरवर होऊ दे आणि लोकांना ब्राउझरमध्ये फक्त उत्तर दिसू दे. मॅक्रो त्यात चालत नसत, म्हणून आमच्या ट्रेझरीत ते रुळलं नाही. पण तुमच्या शीटमध्ये मॅक्रो नाहीत, आणि तोच विचार आता ब्राउझरमधल्या साध्या एक्सेलमध्ये मिळतो. कुणाच्या खासगी गूगल खात्यावर मात्र ठेवू नका, त्यात खातेदारांची नावं आहेत.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या नमुना फाइलच्या नावाचं शेपूट जुनं एक्सएलएस आहे, एक्सएलएसएक्स नाही. जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात जुन्याच प्रकारामुळे १५,८४१ कोरोना रुग्ण वेळेवर मोजणीत आले नाहीत. न मावलेल्या ओळी गळून गेल्या. तुमची कर्जखाती ६५ हजारांच्या आत असतील, पण शाखा वाढताहेत असं पत्रातच लिहिलंय.

प्रश्न : मी नांदेडचा, बी.कॉम. झालो, एका फंडाच्या बॅक ऑफिसला ट्रेनी आहे. एक्सेलमध्ये आता पायथन आलंय म्हणतात. मग व्हीबीए शिकण्यात अर्थ आहे का?
– एक ट्रेनी, नवी मुंबई

तुला 'तू' म्हणते, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. व्हीबीए वाचता येईल इतपत शिक, कारण तुझ्या ऑफिसातली निम्मी कामं त्यावर उभी आहेत आणि ज्यांनी ती लिहिली ते नोकरी सोडून गेलेत. लिहायला पायथन शीक. एक्सेलमधलं पायथन २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. ते तुझ्या मशीनवर चालत नाही, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालतं, आणि तिथून त्याला तुझ्या डिस्कवरच्या फाइली दिसत नाहीत. म्हणजे शीटमधले आकडे बाहेर जातात. फंडाचा डेटा असा पाठवायची परवानगी आहे का हे आधी साहेबांना विचार, लेखी विचार. आणि दोन्हींच्या आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. मी पन्नाशीत शिकले, तू आत्ता शीक.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ठेवी इतकी वर्षं एक्सेलमध्ये होत्या. गेल्या महिन्यात त्या सर्व्हरवरच्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये हलवल्या. तेव्हापासून प्रत्येक ठेवीची मुदत दोन दिवस पुढे दिसते. सगळ्यांचीच, नेमके दोन दिवस. सॉफ्टवेअरवाला म्हणतो तुमचा डेटा चुकीचा, आम्ही म्हणतो तुमचं सॉफ्टवेअर. देवाक काळजी म्हणून बसलोय.
– एक सचिव, मडगाव

हे पत्र वाचून मी खुर्चीत सरळ झाले. दोघंही बरोबर आहात, आणि दोष आहे तो २९ फेब्रुवारी १९०० या दिवसाचा, जो कधी उगवलाच नाही.

एक्सेल तारीख आकडा म्हणून ठेवतं. १ जानेवारी १९०० हा १, पुढचा दिवस २, असं मोजत. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस वन-टू-थ्रीनं ते लीप धरलं होतं. लोटसच्या फाइली आपल्याकडे नीट उघडाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक तशीच उचलली, आणि आजही एक्सेलमध्ये ६० म्हणजे २९ फेब्रुवारी १९००. हा झाला एक दिवस. मायक्रोसॉफ्टचाच एसक्यूएल सर्व्हर मात्र १ जानेवारी १९०० ला शून्य म्हणतो, तो दुसरा. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं तारखा तारीख म्हणून न हलवता नुसते आकडे म्हणून हलवल्या. झाले दोन दिवस.

पडताळून बघा. एक्सेलच्या पेटीत १ जानेवारी २००० टाका आणि तिचं रूप आकड्याचं करा, ३६५२६ दिसेल. डेटाबेसला त्याच दिवसाचा आकडा विचारा, तो ३६५२४ सांगेल. म्हणून हलवताना प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे. त्याआधी कुणी मॅकवर बनवलेली जुनी फाइल यात मिसळली नाही ना ते बघा. त्यांतल्या काही १९०४ पासून मोजतात, तिथे एक्सेल-एक्सेलमध्येच १,४६२ दिवसांचा फरक पडतो. तसं असेल तर मुदत चार वर्षं मागे गेलेली दिसेल, लगेच डोळ्यात भरेल.

या महिन्यात मुदत संपलेल्या ठेवींचा निकाल मात्र आधी लावा. दहा लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी दोन दिवसांचं व्याज ३८३ रुपये ५६ पैसे होतं. ज्यांना तुम्ही दोन दिवस उशिरा या म्हणून परत पाठवलंत, त्यांची यादी काढून ठेवा. ते येतीलच.